हँडल हलकं लागत होतं

गेवराई,
रविवार

प्रिय सौरभ,

सप्रेम जय भीम.

तू आईला फोन करून म्हणालास, की आरोहीच्या नामकरणाला सगळे आले, फक्त माझी सख्खी बहीण अन दाजी तेवढे आले नाहीत, सासरच्या माणसांत माझी मान खाली गेली. आईनं ते मला तुझ्याच आवाजात ऐकवलं. फोटो मी पाहिलेत. पोर गोड आहे, कान अगदी आपल्या बाबांचे घेतलेत तिनं. तिच्यासाठी शिवलेली दुपटी कधीची तयार आहेत. राग तिच्यावर नाही, तिच्या आईवरही नाही. पण तुझी मान खाली गेली हे ऐकलं आणि त्या दिवशी अंगणवाडीत मुलांना बडबडगीत म्हणून दाखवताना मी मध्येच थांबले, पुढची ओळच आठवेना. फोनवर तुझ्याशी बोलायला गेलं की तू म्हणतोस, ताई, मीटिंगमध्ये आहे. मीटिंग नसली की म्हणतोस, ताई, तू आधी शांत हो. मी शांत आहे. आज सुट्टी आहे, हे बाहेर ओट्यावर बसलेत, आणि मला जे बोलायचं ते मी कुणी मध्ये न तोडता बोलणार आहे.

आधी तुझ्या दाजींच्या हाताचं सांगते, कारण ऑपरेशननंतर तो तू पाहिलेला नाहीस. मुंबईला तू आलास खरा, पण वॉर्डाच्या दारातूनच माघारी गेलास, खाली गाडी भलत्याच जागी लावलीय म्हणून. उजव्या हाताचा अंगठा अर्धा गेला. त्याच्या शेजारची दोन बोटं मुळापासून गेली. तिथं मांडीची कातडी आणून बसवलीय. ती कुठं धरलीय, कुठं अजून ओली आहे. डॉक्टर म्हणतात, ही चुलीवर भाजल्यासारखी जखम नाही, वरून भरल्यासारखी दिसते अन आतून पुन्हा उघडते, तेव्हा बरं झालं असं इतक्यात समजू नका. डाव्या हातानं चमचा धरून जेवतात. शर्टाची बटणं मी लावते. मी बटणं लावत असते तेव्हा ते माझ्या डोक्यावरून पलीकडं, कॅलेंडरकडं बघत राहतात. नामकरणाला चार माणसं येणार, प्रत्येकजण हात पुढं करून जय भीम घालणार, आणि मग विचारणार, पंडितराव, हे काय झालं. त्यावर काय सांगायचं हे तूच ठरवून दिलं होतंस ना? म्हणून आम्ही आलो नाही.

तुला ते दुकान आठवतं का? बसस्टँडच्या मागचं, मोटार रिवाइंडिंगचं. तू बारावीला असताना सुट्टीत तिथंच येऊन पडायचास. जळालेली पाण्यातली मोटार आणून टाकली की दाजी तिचं पोट उघडायचे, काळी झालेली तार खेचून काढायचे आणि नवी तांब्याची तार भरायला बसायचे. तार चिमटीत धरूनच सांगायचे, ही जाड आहे, ही चालायची नाही. त्या वेळी दुकानात रेडिओ चालू असायचा आणि तू उलट्या डब्यावर बसून अभ्यास करायचास. शेतकऱ्यांची मोटार जळाली की पिकाला पाणी थांबतं, म्हणून लोक दारात उभे राहायचे, आणि हे कुणालाच उद्या ये म्हणायचे नाहीत. त्या दुकानात आता एका पोरानं मोबाइल दुरुस्ती टाकलीय. हे बाजारात निघाले की रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जातात.

ते दुकान बंद करायला तूच लावलंस. मी दोष म्हणून सांगत नाही, त्या वेळी मलाही ते पटलं होतं. दिवाळीला आलास, नवा शर्ट, पायात बूट, आणि म्हणालास, दाजी, किती वर्षं दुसऱ्याच्या जळक्या मोटारी उघडत बसणार, माझ्या कंपनीत या, महिन्याच्या महिन्याला पगार, पीएफ, आणि मी आहेच वर. गोदावरीचं पाणी गावोगाव न्यायची ती मोठी लोखंडी पाइपलाइन तेव्हा आपल्याच तालुक्यातून चालली होती. पाइपाला पाइप वेल्डिंगनं जोडायचा, आणि तो जोड आतून पोकळ राहिला का हे बघायला तुमची कंपनी त्याचा एक्स-रे काढायची. गावातले लोक तुमच्या पिकअपला एक्स-रेची गाडीच म्हणायचे. किती अभिमान वाटायचा मला. अंगणवाडीतल्या बायांना मी सांगायचे, दवाखान्यात जसा हाडाचा फोटो काढतात तसा माझा भाऊ लोखंडाचा फोटो काढतो.

आणि तूच आम्हाला सगळं समजावलं होतंस, तेच मला आज सहन होत नाही. मुंबईहून तो सेफ्टीचा कोर्स पास होऊन आलास, आईच्या घरी लिंबागणेशला आपण सगळे जमलो होतो. तू चुलीपुढं उभा राहिलास. म्हणालास, आमच्या कॅमेऱ्याच्या पोटात धातूचा एक बारका तुकडा असतो, त्यातून किरणं निघतात. लांबून हँडल फिरवलं की तो पुढच्या नळीतून जोडापाशी जातो, उलटं फिरवलं की परत आत येतो. ती दिसत नाहीत, त्यांचा वास येत नाही, चटका तर बिलकुल बसत नाही. चूल कशी, हात जवळ नेला की लगेच कळतं. हे तसं कळत नाही. म्हणून त्याच्याजवळ कमीत कमी वेळ थांबायचं, जमेल तेवढं लांब राहायचं, आणि मध्ये जाड आडोसा ठेवायचा. परात तोंडापुढं धरून दाखवलीस तू. आई हसली. बाबा हसले नाहीत. बाबांनी आयुष्यभर विहिरींवर सुरुंगाचं काम केलं होतं, एका कानानं त्यांना ऐकू येत नव्हतं. ते म्हणाले, “सौरभ, सुरुंगाची वात दिसती तरी. तुझं तर काईच दिसत न्हाई. मंग कळायचं कसं?” तू म्हणालास, बाबा, त्याला मीटर असतो. प्रत्येक वेळी तुकडा परत आत गेला की नाही हे मीटर धरून बघितल्याशिवाय आमच्यात कुणी एक पाऊल पुढं टाकत नाही. आणि प्रत्येकाच्या छातीला बॅज असतो, कुणी किती किरणं खाल्ली ते त्यात उमटतं. बाबांचं समाधान झालं. ते गेले ते याच समाधानात गेले, की पोरगा सुरुंगाच्या कामातून सुटला.

आता त्या दिवसाचं. जयंती होऊन आठवडाही झाला नसेल, ऊन असं की पाइपाला हात लावता येत नव्हता. तुझ्या तोंडून मी जे ऐकलं ते असं: दाजींनी घाई केली. कॅमेरा नीट बंद झालाय का हे न बघता त्यांनी पुढची नळी काढली, तुकडा नळीतच अडकून राहिला होता, तो त्यांच्या हाताशी आला. माणूस आहे, चुकतो. तू हे सांगितलंस तेव्हा तुझा आवाज इतका मऊ होता की मी उलट यांनाच बोलले. लहान पोरासारखं झापलं मी त्यांना. ते हात मांडीवर ठेवून ऐकत बसले. मला आज त्या बोलण्याची जास्त लाज वाटते की तुझी, हे मला ठरवता येत नाही.

खरं मला आसारामनं सांगितलं. आसाराम, तुमच्या पिकअपचा ड्रायव्हर. यांना मुंबईला हलवलं, त्यानंतर तो घरी आला. आत येईना, उंबऱ्याच्या बाहेरच बसला. त्याला स्वतःला त्या संध्याकाळी उलट्या झाल्या होत्या, मग कित्येक दिवस अंगात ताकद नव्हती, रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या. तो म्हणाला, “ताई, पंडितभाऊची काई चूक न्हाई. कॅमेऱ्याचा जो शिकलेला मानूस होता त्याला सौरभ सायबांनी सकाळीच दुसऱ्या पार्टीवर पाठवलं. मीटर बी त्याच्यासंगंच गेला. आमच्याजवळचा मीटर थंडीपासून बंद पडलेला. पंडितभाऊ म्हनले, मी एकटा कसं करू, मला कुठं टरेनिंग हाय. तर सायेब म्हनले, रोज बघता की तुमी.” म्हणजे ज्या माणसाला हात लावायचीही परवानगी नव्हती, त्याच्या हाती तुम्ही कॅमेरा दिला, आणि तो जिवंत आहे की बंद, हे सांगणारी एकमेव वस्तू काढून घेतली. का, तर पाइपात पाणी सोडून चाचणी घ्यायची तारीख जवळ आली होती.

पुढचं आसारामनं सांगितलं ते मी त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, कारण मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. जोडाचा फोटो काढून झाला. यांनी लांबून हँडल फिरवून तुकडा मागं ओढला. हँडल रोजच्यासारखं जड लागेना, गरागरा फिरलं. कॅमेऱ्याचं लॉकही बसेना. यांची अर्धी हयात तारा अन स्क्रू यांच्यात गेलीय, काहीतरी सुटलंय हे त्यांना हातालाच कळलं असणार. ते पुढं गेले नाहीत. तिथंच उभं राहून त्यांनी तुला फोन लावला. घामानं हात ओले म्हणून फोन आसारामच्या हातात, स्पीकरवर. हे म्हणाले, “सौरभ, हँडल लई हलकं लागतंय. लॉक बी बसंना. तू कुणाला तरी मीटर घिऊन पाठव.” आणि तू म्हणालास, “दाजी, उन्हानं लॉक अडकलं असंल. काही नाही होत. नळी सोडवा, गाडीत टाका, पुढच्या जॉइंटवर निघा.”

हे शब्द तुझे आहेत ना, सौरभ? ज्यानं चुलीपुढं परात धरून दाखवली त्याचेच ना? तुझ्यावर मालकाचा दट्ट्या होता, मान्य. रोज संध्याकाळी किती जोड झाले हे तुला विचारलं जायचं, तेही मान्य. पण लॉक बसत नाही म्हणजे काय असू शकतं हे त्या लाइनवर ज्याला पक्कं माहीत होतं असा तू एकच होतास, आणि तू सावलीत बसून म्हणालास, काही नाही होत. यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला. मेहुण्यावर नाही, सेफ्टीच्या साहेबावर. पाइपाला बांधलेलं नळीचं टोक त्यांनी उजव्या हाताच्या चिमटीत धरलं, दोरी सोडवली, नळीची गुंडाळी केली आणि गाडीत मागं टाकली. चटका बसला नाही. तू सांगितलं होतंस तसंच.

मग पुढच्या जोडाकडं जाताना ते चहाला थांबले, हायवेच्या कडेला बायनाबाईच्या टपरीवर. गाडी टपरीला अगदी लागून, लिंबाच्या सावलीत. हे बाजूला जाऊन ओकले, म्हणाले ऊन बाधलं, आणि बाकड्यावर आडवे झाले. आसाराम गाडीतच बसून राहिला. ऊन उतरल्यावर दुसरी पार्टी आली, तुझा तो शिकलेला माणूस आणि आणखी एक साहेब. त्यांच्याजवळ मीटर होता. आसाराम म्हणाला, “ते गाडीपसून लई लांब होते, तर मशीन वरडाया लागली. सायेब लोक जे पळाले, ते पार नाल्याच्या पलीकडं. मी गाडीतच. मला वाटलं मागं साप निघाला. मला कुनी हाक बी मारली न्हाई.” हे सांगताना तो रडला नाही, चिडलाही नाही. त्याला अजून नवल वाटत होतं, की माणसं पळताना दुसऱ्याला हाक कशी मारत नाहीत.

त्यानंतर तू आलास, शिशाचं भांडं आलं, लांब चिमटे आले. तुम्ही तो तुकडा भांड्यात घातला आणि लोकांना म्हणालात, मशीनमध्ये बिघाड होता. हवालदाराला सांगितलं नाही, गावाला सांगितलं नाही, किरणांच्या कामावर लक्ष ठेवणारं जे सरकारी ऑफिस मुंबईला आहे, ज्यांना ताबडतोब कळवायचं असतं, त्यांनाही नाही. बायनाबाई दुपारभर त्या गाडीपासून चार हातांवर चहा उकळत बसली होती. तिला आजपर्यंत तुमच्यातल्या एकानंही सांगितलं नाही. तुमचे लोक तिच्याकडंच चहा पितात अजून. शेवटी मीच तिला बीडला नेऊन रक्त तपासून आणलं. रिपोर्ट चांगला आला, पुन्हा एकदा बघू म्हणाले. येताना बसमध्ये तिनं विचारलं, “कावून गं बाई, मला कावून नेलं व्हतं? मला तर काईच होत न्हाई.” मी तिला चुलीचं उदाहरण देऊन बघितलं. ती म्हणाली, मंग हे असलं घिऊन माझ्या दारात कसं काय आले?

दोन दिवसांनी यांची बोटं लाल झाली, सुजली. तू आंब्याची पेटी घेऊन घरी आलास. मी आत रस काढत होते, आणि तू बाहेर यांना सांगत होतास, “दाजी, दवाखान्यात गरम पाइप लागला म्हणा. भाजल्याचा मलम देतील, बरं होईल. उगं किरणं-बिरणं काढलं तर ते लोक घाबरून वाढवून ठेवतात.” मी ते ऐकलं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. पण तुला माहीत होतं. यांनी तेच सांगितलं आणि इथल्या डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी तोच मलम दिला. मग फोड आले, मग कातडी काळी पडली, मग हे हात उशाखाली दाबून दात-ओठ खायला लागले. बीडच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईनं हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, पाइपाचा चटका असता तर तो पहिल्याच दिवशी दिसला असता, हे आतून वर येतंय. तुम्ही काम काय करता? यांनी हात मागं ओढून घेतला. तिनं पुन्हा विचारलं. मी म्हणाले, लोखंडाचे एक्स-रे काढतात. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. मधले इतके दिवस वाया गेले नसते तर निदान अंगठा वाचला असता का, हे मी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ते आता सांगता येणार नाही. हे न सांगता येणं मला जन्मभर पुरणार आहे.

मुंबईच्याच डॉक्टरांनी विचारलं, यांच्या बॅजचं रीडिंग काय आलं? ते मागवलं. काही नाही, असं आलं. ज्याची बोटं गेली त्याचा बॅज म्हणतो, या माणसाला काही झालं नाही. कारण बॅज साइट ऑफिसच्या लोखंडी कपाटात होता. सगळ्यांचेच होते. बॅजमध्ये जास्त उमटलं की माणसाला कामावरून बाजूला बसवावं लागतं, वरून विचारणा होते, म्हणून बॅज कपाटात आणि माणसं उन्हात. त्या कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला असायची हेही मला आसारामनं सांगितलं. हे कामावर लागले त्या आठवड्यात मला कौतुकानं म्हणाले होते, माझा फोटो लावलेला बॅज आलाय. मी म्हणाले, घरी आणा, बघू द्या. म्हणाले, सौरभ देत नाही, हरवंल म्हणतो.

आणि हे सगळं झाल्यावर तू आईला माझ्याकडं पाठवलंस. स्वतः आला नाहीस. आई बसनं आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “आमू, मुंबईचे सायेब विचारायला येनार हायत. तुझ्या मानसाला म्हनाव, बॅज मीच घरी ठिवला व्हता म्हन, अन नळी मीच कुनाला न इचारता काढली म्हन. सौरभचं लायसन गेलं तर त्यानं कुठं जावं? बारकी लेक हाय त्याला. तुझ्या मानसाची बोटं काय आता माघारी येनार हायत का?” वर असंही, की कंपनी दाजींना कायमचं स्टोअरला बसवून घेईल, बसून काम. ती आई आहे, तिला मी काय बोलू. तिच्या पोटची दोन लेकरं आहेत आणि त्यातलं एक तिला जास्त अडचणीत दिसतंय. पण तिच्या तोंडी ते वाक्य घालणारा तू आहेस. बोटं परत येणार आहेत का, हे तू तुझ्या तोंडानं माझ्यासमोर विचारून दाखव. मी तुझं दप्तर शिवलंय, सौरभ. तू तापानं फणफणलास तेव्हा पाठीवर घेऊन तुला दवाखान्यात नेलंय. तू मला काहीही विचारू शकला असतास. हे आईकडून विचारायला नको होतंस.

आता हे का लिहितेय ते सांगते. मुंबईच्या दवाखान्यानं कळवलं, म्हणून गुरुवारी ते सरकारी ऑफिसचे साहेब घरी आले होते. दोघं होते, चपला बाहेर काढून बसले. तुझ्या दाजींनी त्यांना तू सांगितलंस तसंच सांगितलं. बॅज मीच घरी विसरलो. नळी मीच काढली, कुणाला विचारलं नाही. माझीच चूक. हे सांगताना त्यांनी उजवा हात पाठीमागं धरला होता. माझ्यासाठी, आईसाठी, तुझ्या लेकीसाठी त्यांनी ते केलं, मला कळतं. साहेबांनी ते लिहूनही घेतलं. मी चहा घेऊन आत आले होते. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, हे खोटं आहे. मग मी सगळं सांगितलं. फोन, मीटर, कपाट, आंबे, नाल्यापलीकडं पळालेली माणसं, बायनाबाई. त्यांनी विचारलं, नळी काढा म्हणून फोनवर कोण म्हणालं? मी पूर्ण नाव सांगितलं, सौरभ शहादेव निसर्गंध. त्यांनी विचारलं, तुमचे कोण? मी म्हणाले, सख्खा भाऊ. आसारामही साक्ष द्यायला तयार आहे. तेव्हापासून तुझे दाजी माझ्याशी बोललेले नाहीत. मंगळवारी ते लोक तुझ्याकडं येणार आहेत. मी तुला सावध करायला लिहीत नाही. तुझं नाव तुझ्या बहिणीनं घेतलं हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहितेय. आई उद्या सकाळच्या गाडीनं इथूनच संभाजीनगरला तुझ्याकडं येतेय, तिच्याच हाती हे देईन. यात काय आहे ते तिला माहीत नाही. त्या साहेबांनी इथलं काम बंद पाडलंय, पण तुमची दुसरी साइट चालू आहे, आणि तिथं कामाला असलेला आसारामचा मेहुणा म्हणतो, तिथंही बॅज कपाटातच असतात. तिथला सेफ्टीचा साहेबही तूच आहेस. मंगळवारी तू यांचंच खोटं पुढं चालवलंस, तर त्या साहेबांपुढं तुम्ही दोघं एका बाजूला आणि मी एकटी एका बाजूला. चालेल मला, मी पुन्हा सांगेन, जितक्यांदा विचारतील तितक्यांदा. पण ते तुझ्या दारात यायच्या आधी तू त्या साइटवर जा, कपाट उघड आणि प्रत्येकाचा बॅज आपल्या हातानं त्याच्या छातीला लाव. मग त्यांना सांग, की हे आज लावले, काल लावलेले नव्हते. एवढं तू केलंस, तर मी स्वतः संभाजीनगरला येऊन तुझ्या शेजारी उभी राहीन, लायसन राहो की जावो.

तुझं नाव घेतलं तरी तुझीच,
ताई